तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे मार्क असून वस्तीत का जायचंय?

"एवढे चांगले मार्क आहेत, एखादी चांगली ब्रँच घे, शहरातल्या वस्त्यांमध्ये डॉक्टर म्हणून जाऊन काय मिळणार तुला?" घरचे विचारतात, बॅचमेट विचारतात, आता ज्युनियर पण विचारायला लागलेत. दर वेळी मी विषय बदलते. आज सांगते.

सेवाभाव वगैरे नाही हो. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना तसंच सांगायचे आणि मला ते खरंही वाटायचं, पण तोवर मी टीबीच्या एकाही पेशंटशी पाच मिनिटं बोलले नव्हते.

मेडिसिनच्या पोस्टिंगला एक बाई आल्या. दोन महिने चार औषधं घेतली, खोकला थांबला, वजन वाढलं आणि यायच्या बंद झाल्या, सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट. आता थुंकीतून रक्त येत होतं. मी केसपेपरवर 'डिफॉल्टर', म्हणजे औषधं मधेच सोडणारी, असं लिहिलं आणि त्यांना झापलं, अख्ख्या वॉर्डसमोर, की औषधं मधेच सोडली की जंतू रिफाम्पिसिनला, टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देईनासे होऊ शकतात, घरातल्यांनाही तोच टीबी लागू शकतो. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, गोळ्यांची खिडकी सकाळीच उघडी असते. तिसरा खाडा झाला तेव्हा मालकाने दुसरी बाई ठेवली."

रिपोर्ट आला, रिफाम्पिसिन रेझिस्टंट. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. पोस्टिंग संपली आणि मी चौकशीही केली नाही. हे लिहिताना आत्ताही लाज वाटतेय.

त्यांचं घर हॉस्पिटलपासून चालत वीस मिनिटांवर होतं. खेड्यात डॉक्टर नाही हे लोकांना लगेच पटतं, पण शहरात एवढी हॉस्पिटलं असताना कोणी औषधावाचून राहतं हे सांगितलं की म्हणतात त्यांचाच हलगर्जीपणा. जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी पोचते, हे ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरने 1971 मध्येच लिहून ठेवलंय, मी ते एमसीक्यूसाठी पाठ केलं होतं. डब्ल्यूएचओने 2013 मध्ये 'डिफॉल्टर' हा शब्दही बदलून 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे उपचारातून संपर्क तुटलेला, असा केला. आमच्या वॉर्डात अजून जुनाच चालतो.

मला रात्री दहापर्यंत चालणारी ओपीडी हवीय, वस्तीतच. एका डॉक्टरने काय फरक पडणार म्हणता, तर तेही खरं असेल. डोक्यावर कर्ज आहे, पीजीचा फॉर्म मीही भरलाय, आणि रेडिओलॉजी (एक्स-रे, स्कॅनची ब्रँच) मिळाली तर सोडेनच असं छातीठोकपणे नाही सांगू शकत. सध्या एवढंच करते, हिस्टरी घेताना खोकला किती दिवस याच्या आधी, कामावर किती वाजता जाता ते विचारते. सर चिडतात, रांग थांबते म्हणून.