आज मातीत पळालो!

आज पुण्याजवळच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत हौशी गटात पळालो. सकाळच्या सरावात उतारावर गाडी घसरली आणि क्लचचा लिव्हर तुटला. माझ्याच हीटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या फेरीत, उतरणारा साताऱ्याचा दादा स्वतःकडचा जादा लिव्हर घेऊन आला, बसवून दिला आणि म्हणाला, "तू नसलास तर मी पळू कुणाशी?"

पूर्वी वाळूचा पट्टा दिसला की माझा थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) आपोआप सुटायचा. तो सुटला की वजन पुढे येतं, पुढचं चाक रुततं. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, वजन थोडं मागे, नजर चाकावर नाही तर वळणापलीकडे. हे सगळं दादानेच शिकवलं. टायरची हवा किती उतरवायची तेसुद्धा. आज तो पट्टा उभ्यानेच पार केला. काय सांगू, डोळे भरून आले!

सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली ही अनेक दिवसांची खडतर शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, त्या बातमीने मला हे वेड लावलं. टिकवलं मात्र अशा माणसांनी.

दादा माझ्या पुढे आला. खूप आनंद झाला. रविवारी त्याच्या गावच्या ओढ्यात सराव आहे. यायचं असेल तर सांगा, हेल्मेट आणि गुडघ्याचे गार्ड हवेतच.