रॅम ३६०० ची, धावते मात्र २४०० वर

पीसी मी घरीच जोडला, एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, पाकिटावर वेग ठळक ३६००. (प्रोसेसरही ३६०० आणि रॅमही ३६००, फोनवर कुणाला प्रॉब्लेम सांगायचा म्हणजे निम्मा वेळ यातच जायचा.) विंडोज टाकलं, सगळं मस्त चालू, आणि सहज म्हणून टास्क मॅनेजर उघडला तर मेमरीचा स्पीड २४००. पीसीची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्राममध्ये तर १२०० च, पण ते बरोबर आहे, डीडीआर एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते म्हणून तिथला आकडा दुप्पट करून वाचायचा.

आता २४०० का, तर रॅमच्या पट्टीवर एक बारकी चिप असते आणि तिच्यात दोन हिशोब भरलेले असतात. एक साधा, १.२ व्होल्टचा, कुठल्याही बोर्डवर चालेल असा, आणि दुसरा एक्सएमपी प्रोफाइल, त्यात ३६०० आणि १.३५ व्होल्ट. बोर्ड आपणहून साधाच उचलतो, दुसरा बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो. त्यात एक्सएमपी हे नाव इंटेलचं, त्यामुळे एएमडीच्या बोर्डांवर कुठे डीओसीपी तर कुठे ए-एक्सएमपी लिहिलेलं, शोधता शोधता वैताग.

चालू केलं, सेव्ह केलं, स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, थांबतायत, परत फिरतायत, आणि शेवटी बोर्डच कंटाळून पुन्हा २४०० वर. स्लॉट तपासले, दोनच रॅम असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा, ते बरोबरच होते. मग बायोस अपडेट केलं, आमच्याकडे लाईट कधी जाईल भरवसा नाही आणि मध्येच गेली तर बोर्ड कामातून जायचा, म्हणून पीसी यूपीएसवर लावूनच.

अपडेटनंतर ३६०० वर चक्क बूट झाला! पण आनंद संध्याकाळपर्यंतच, ब्राउझरचे टॅब आपोआप बंद व्हायला लागले, मग निळी स्क्रीन. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला तर लाल एररची रांग. म्हणजे बूट झाला याचा अर्थ चालतोय असा अजिबात नाही, उलट हे जास्त वाईट, कारण खराब मेमरीवर फाइल सेव्ह झाली तर ती गुपचूप बिघडलेलीच सेव्ह होऊ शकते.

तेव्हा एकेक रॅम वेगळी लावून बघितली. दोघीही एकट्या ३६०० वर एकदम क्लीन, जोडीने लावल्या की एरर. व्होल्टेज १.३८ केलं, एरर कमी झाले, गेले नाहीत. ३२०० वर रात्रभर टेस्ट चालू ठेवली, एकही एरर नाही. आता दोष बोर्डाचा की प्रोसेसरचा हे कळायला एकच उपाय होता, मित्राचा रायझन ५ ५६०० दोन दिवस मागून आणला (चहा-वडापाव माझ्याकडून). तोच बोर्ड, त्याच रॅम, प्रोसेसर तेवढा त्याचा, आणि ३६०० वर सगळं साफ.

म्हणजे अडत होतं माझ्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरपाशी, म्हणजे रॅमशी बोलणाऱ्या भागापाशी. पण त्याला तरी कसं बोलणार, रायझन ३००० सिरीजसाठी एएमडीने अधिकृत वेग दिलाय तोच ३२००, त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पळवणं, लागलं तर लागलं. ३६०० हा शब्द रॅमवाल्याने दिलेला, प्रोसेसरने नाही.

शेवटी ३२०० वरच ठेवला, फक्त टायमिंग हाताने सीएल १६ केलं (सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक घेते) आणि मेमटेस्ट परत एकदा पास करून घेतला. आधी मन खट्टू होतं पण कागदावर मांडलं तर ३६०० ला सीएल १८ म्हणजे १८ क्लॉक भागिले १८०० मेगाहर्ट्झ, ०.०१ मायक्रोसेकंद, म्हणजेच १० नॅनोसेकंद, आणि ३२०० ला सीएल १६ म्हणजे १६ भागिले १६००, तेही १०च! बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते, तेवढी थोडी कमी, ती मला गेममध्ये तरी जाणवली नाही. मित्राचा प्रोसेसर परत दिला, तर तो आता विचारतोय या रॅम विकणार का.