घाटात उभी गाडी ताशी ५७ किलोमीटरने उलटी पळते तेव्हा

रेल्वेगाडीच्या वेगाचे आलेख मी जीपीएसवरून काढतो, पण बोगद्यात जीपीएस मिळत नाही आणि आलेखात भोकं पडतात. ती बुजवायला मोबाईलमधला, त्वरण मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर लावणार, असं मागच्या नोंदीत मोठ्या तोंडाने लिहिलं होतं. लावला. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी घाटातल्या टेक्निकल हॉल्टला (ब्रेक तपासायचा थांबा) उभी राहिली. जीपीएसचा अंतर-काल आलेख अगदी आडवा, म्हणजे वेग शून्य, वाद नाही. आणि अ‍ॅक्सिलरोमीटरवरून काढलेला वेग-काल आलेख मात्र शून्याखाली सरळ रेषेत घसरत चालला होता. मिनिटभरात उणे ५७. त्याच्या मते आम्ही ताशी ५७ किलोमीटरने उलटे पुण्याकडे निघालो होतो.

आधी सेन्सरला शिव्या घातल्या. मग पेट्या उतरवताना धक्का लागून मोबाईल हलला असेल, म्हणून टेपला. पण रेघ इतकी सरळ होती की धक्क्याचा प्रश्नच नव्हता. धक्का असता तर एक उडी दिसली असती आणि पुढे रेघ सपाट झाली असती. सरळ तिरकी रेघ म्हणजे कायमचं, न बदलणारं त्वरण. तिचा चढ मोजला: सेकंदाला सेकंद सुमारे ०.२६ मीटर. हा आकडा कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहिलं. कल्याण गेलं तरी आठवेना.

घरी येऊन ९.८ ला ३७ ने भागलं. ०.२६५.

बोरघाटाचा रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे मार्गावरचा ठरलेला सगळ्यात तीव्र चढ, ३७ ला १ आहे (३७ मीटर गेलं की १ मीटर उंची), हे आपल्या रेल्वेवेड्यांतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. अ‍ॅक्सिलरोमीटरला गाडीचं त्वरण वेगळं आणि गुरुत्वाकर्षणाचा रुळांच्या दिशेतला वाटा वेगळा, असं काही कळत नाही. तो दोन्हींची बेरीज दाखवतो. नाक खाली करून उभ्या असलेल्या गाडीत तो ‘मागे त्वरण’ असं सांगत राहणार, आणि आपण त्याची बेरीज करत गेलो की ६० सेकंदांत सेकंदाला १५.९ मीटर, म्हणजेच ताशी ५७ किलोमीटर. सेन्सर खरंच बोलत होता.

म्हणजे बोगदे बुजवायचा बेत घाटात तरी संपला. दोन दिवस मी फाइल उघडली नाही.

मधल्या काळात जीपीएसची बाजू तरी नीट करू म्हटलं. इथे जुनंच दुखणं आहे. दर सेकंदाच्या स्थितींमधला फरक घेऊन वेग काढला की आलेख साळिंदरासारखा काटेरी दिसतो. कारण साधं आहे. प्रत्येक बिंदू तीन मीटर इकडेतिकडे असू शकतो. एक पुढे चुकला, दुसरा मागे, की सेकंदात सहा मीटरची खोट, म्हणजे ताशी २१ किलोमीटरहून जास्त. घाटात गाडी तीसच्या आसपास चाललेली असताना एवढी चूक म्हणजे आलेख न काढलेलाच बरा. तेच बिंदू दहा सेकंदांच्या अंतराने घेतले तर खोट ताशी दोनवर येते. पण मग गाडी थांबते तो कोपरा गोल होतो, आणि हॉल्टला थांबलेली गाडी रेंगाळल्यासारखी दिसते. शेवटी ११ सेकंदांची खिडकी सरकवत नेऊन तिच्यात स्प्रेडशीटचं ‘स्लोप’ फंक्शन टाकलं. ते दोन टोकांचेच नाही तर मधल्या सगळ्या बिंदूंचं ऐकून रेघ बसवतं. ३१ सेकंदांची खिडकी दिसायला सुंदर, पण खोटारडी.

खरं तर एवढंही करायची गरज नाही. जीपीएस रिसीव्हर डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलची वारंवारता किती बदलली त्यावरून, वेग वेगळा काढतो, आणि तो स्थितींच्या फरकापेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. निओ-६एम हे सुटं जीपीएस मॉड्यूल वापरत असाल तर ते पाठवतं त्या माहितीतल्या आरएमसी नावाच्या ओळीत तो नॉटमध्ये येतो, ताशी किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणायचं. मोबाईलवाल्यांनी एक पाहावं: फोन स्वतःची हुशारी चालवून बोगद्यात जुन्याच वेगाने रेघ पुढे ओढतो आणि बाहेर आल्यावर खऱ्या जागी उडी मारतो. त्या उडीचा चढ वाचला तर इंद्रायणी एक्स्प्रेसची बुलेट ट्रेन होते. अशा फाइलमधले बोगद्याचे बिंदू सरळ उडवा.

पडताळणीला माझी जुनी रीत अजून आहे, किलोमीटरचा दगड ते दगड घड्याळ लावायचं आणि ३६०० ला सेकंदांनी भागायचं. १२० सेकंद लागले तर ताशी तीस. (रुळांचा खटखट आवाज मोजायची मजा गेली. १३ मीटरचे रूळ असताना ४७ सेकंदांतले ठोके म्हणजेच ताशी किलोमीटर, कागद-पेन नको. आता वेल्डिंगमुळे यार्डाबाहेर ठोके कुठले!)

तर हा स्वच्छ वेग-काल आलेख तयार झाला आणि सहज त्याचाही चढ काढून अ‍ॅक्सिलरोमीटरच्या आलेखावर ठेवला. लोणावळ्याच्या आधी दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर. खंडाळा सोडलं आणि त्या फाकल्या. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी करत पळसदरीपर्यंत फाकलेल्याच, आणि कर्जतजवळ पुन्हा जवळ आल्या.

ती फट म्हणजे घाट! जीपीएसच्या वेगाचा चढ म्हणजे गाडीचं खरं त्वरण. अ‍ॅक्सिलरोमीटर देतो ते खरं त्वरण अधिक गुरुत्वाचा वाटा. वजाबाकी केली की उरतो फक्त ग्रेडियंट. त्याला ९.८ ने भागा, झालं. मी ज्याला रोग समजून औषध शोधत होतो, तेच मोजायचं होतं. रात्री साडेबाराला घरच्यांना उठवून दाखवलं. अपेक्षित तेवढा उत्साह दिसला नाही.

बोगदेही इथे त्रास देत नाहीत. तोंडाशी वेग ठाऊक, बाहेर पडतानाचा ठाऊक, मधला वेळ ठाऊक; दोन बिंदू जोडणाऱ्या रेघेचा चढ हेच आतलं सरासरी त्वरण. उतरताना वेग आवळून धरलेला असतो, त्यामुळे ते शून्याच्या जवळच येतं.

मग उंची काढायचा मोह झाला. ग्रेडियंट-अंतर आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे उतरलेली उंची. मूळ इन्क्लाइनचा, म्हणजे घाटातल्या पहिल्या चढणीच्या मार्गाचा, आकडा १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर, सुमारे २५ किलोमीटरमध्ये. नंतर रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडीला दिशा उलटी करून पुढे जावं लागे) गेलं, मार्ग बदलला, तरी घाटाचा माथा आणि पायथा साधारण तिथेच आहेत. माझं उत्तर आलं ५२६. ३२ मीटर गेले कुठे?

संशय शून्यावर आहे. मी लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या गाडीत सेन्सर शून्य केला, प्लॅटफॉर्म सपाट धरून. पण स्टेशन यार्डाला ४०० ला १ पर्यंत उतार चालतो. माझा हिशोब जुळायला तिथे कर्जतच्या बाजूला जेमतेम ७८० ला १ एवढा उतार पुरतो. डोळ्यांना तो दिसणारही नाही. त्वरणात फक्त ०.०१ ची चूक झाली तर २५ किलोमीटरमध्ये २५ मीटर उंची इकडची तिकडे होते. पुढच्या वेळी एकाच जागी मोबाईल एकदा सरळ आणि एकदा उलट्या दिशेने ठेवून दोन वाचनं घेणार. दोन्हींच्या सरासरीत सेन्सरची स्वतःची खोट येते आणि फरकाच्या निम्म्यात जागेचा उतार, म्हणजे प्लॅटफॉर्म सपाट असो वा नसो.

साहित्याबद्दल थोडं. फायफॉक्स अ‍ॅप फुकट आहे आणि कच्चा डेटा सीएसव्हीत देतं. पैसे घेणारी दोन अ‍ॅप मी काढून टाकली. ऑनलाइन मागवलेला सक्शन-कपवाला स्टँड पॉइंटवरून (रूळ बदलायच्या सांध्यावरून) गाडी गेली की सुटतो, घेऊ नका. पातळ दुहेरी टेप उत्तम, फोमवाली नको, ती स्वतःच झुलते. आणि एसी डब्यात बसू नका, काचेने सिग्नल मरतो. सेकंड क्लास, खिडकी, चहा.

पुढचा नंबर कसारा-इगतपुरीचा, तिथेही ३७ ला १, असं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय की सोप्यावरच पुन्हा मोजून काय मिळवायचं? नेरळ-माथेरान २० ला १ आहे, म्हणजे फट ०.४९ ची, आणि वेग इतका कमी की खरं त्वरण जवळजवळ नसतंच. सगळा आलेख ग्रेडियंटचाच. फक्त दोन फुटी गेजवरचे हिसके किती घाण करतील ते पाहायला लागेल.

आणि कोकण रेल्वे? रूलिंग १५० ला १, फट फक्त ०.०६५, माझ्या सध्याच्या चुकीत तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा बुडेल. पण कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी ऐंशीने पाच मिनिटं जीपीएस नाही. दोन्ही तोंडांचे वेग आणि आतलं अंतर माहीत, म्हणजे बेरजेत शिरलेली कायमची चूक शोधून काढता येईल आणि आतला वेग-काल आलेख पहिल्यांदाच पूर्ण मिळेल. बोगदा बुजवायचा मूळ बेत इथे जमू शकतो. ज्यांच्याकडे कारबुडेतून जातानाच्या कच्च्या फाइल आहेत त्यांनी कळवा, दिशा आणि मोबाईल कसा ठेवला होता ते मात्र आठवून लिहा. माथेरान नंतर.