आमची वाटचाल : पावती पुस्तक, थकबाकीची वही आणि ती दोन वर्षं

आमची फर्म शाळांचे हिशेब लिहिते. चाकण-राजगुरुनगर पट्ट्यातल्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा, बहुतेक दोनशे ते सहाशे पटाच्या. २००५ साली एका सीएंच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी हे सुरू केलं. कामं येत गेली, आम्ही करत गेलो, २०१९ पर्यंत तेवीस शाळा झाल्या. एवढ्या वर्षांचं एवढंच. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल, कारण तेव्हा आमच्याविषयी बरंच बोललं गेलं आणि आम्ही गप्प बसलो होतो.

आधी आमची हत्यारं सांगतो. तीन प्रतींचं पावती पुस्तक: पांढरी पालकाला, गुलाबी ऑफिसला, पिवळी स्थळप्रत पुस्तकातच. क्लार्कने पेन दाबून लिहिलं नाही तर पिवळीवर आकडा उमटत नाही, आणि ऑडिटला नेमका तोच आकडा मागतात. म्हणून प्रत्येक शाळेला आम्ही पिवळ्या प्रतीखाली सरकवायला पत्र्याचा तुकडा द्यायचो, कडा घासून गुळगुळीत केलेला. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं तरी पत्रा गेला नाही. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची नोंद, टॅलीत, पावती हाताने, आणि संध्याकाळी दोन्हींचा मेळ. मेळ लागल्याशिवाय गल्ला बंद करायचा नाही हे मी क्लार्क मंडळींना इतक्यांदा सांगितलंय की ती मला बघूनच कॅल्क्युलेटर काढतात.

दुसरं हत्यार थकबाकीची वही. ही पद्धत आमच्याकडेच दिसेल. सगळीकडे थकबाकी विद्यार्थीवार लिहितात, आम्ही घरवार लिहितो. एका घराला एक पान. घरातली किती मुलं शाळेत, वडील काय करतात, आई काय करते, हातात पैसा कधी येतो: सात तारखेला पगार, शनिवारी हप्ता, की कांदा बाजारात गेल्यावर. शेवटच्या रकान्यात शाळेशी काय ठरलं ते, तारखेसह आणि पालकाच्या सहीसह.

ही वही आम्हाला एका बाईंनी शिकवली. आमची पहिली शाळा त्यांची. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी होती, पुढे दहावीपर्यंत गेली. पहिल्या भेटीत त्यांनी मला विद्यार्थ्यांची यादी दाखवलीच नाही. एक जुनी डायरी दाखवली, त्यात घरं लिहिलेली. ‘फी मूल भरत नाही, घर भरतं,’ म्हणाल्या. मी सीएंच्या ऑफिसातून आलेलो, मला ते कच्चं काम वाटलं. ते कच्चं नव्हतं हे कळायला मंदी यावी लागली.

मंदी आमच्याकडे करोनाच्या आधी आली होती. २०१९ मध्ये वाहन उद्योग बसला, चाकणच्या कंपन्यांत उत्पादन बंद ठेवायचे दिवस सुरू झाले, कंत्राटी पोरांचा ओव्हरटाइम गेला. आमच्या वह्यांत ते क्रमाने दिसत होतं. आधी बसची फी थांबली, वडील मुलाला गाडीवर सोडायला लागले. मग दुसऱ्या सत्राची फी अर्धी आली. दिवाळीनंतर दाखले मागायला पालक यायला लागले, मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत निघाली. ज्या शाळांनी पहिली खूण ओळखली त्यांनी हप्ते बांधून दिले. ज्यांनी नुसत्या नोटिसा काढल्या त्यांचा पट उतरला.

तरीही सगळ्यांचा हिशेब मार्चवर होता. या धंद्यातल्यांना माहीत आहे, वर्षाची राहिलेली वसुली वार्षिक परीक्षेच्या आधी होते, आणि त्याच पैशातून एप्रिल-मेचे पगार निघतात. सुट्टीत फी नसते, पगार असतो. आमच्या शाळांत रुपयातले साठ-सत्तर पैसे पगारातच जातात. २०२० ला नेमक्या त्याच आठवड्यात परीक्षा रद्द झाल्या आणि टाळेबंदी लागली. मागची थकबाकी अडकली, नवी फी दिसेना. मे महिन्यात फीवाढ करू नका असा शासन निर्णय आला, जूनमध्ये उच्च न्यायालयाची त्यावर स्थगिती आली, पण आमच्या शाळांना त्याचा काय उपयोग? वाढ मागायची कोणाकडे? आणि एरवीही २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रस्ताव सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो, ठरलेली फी दोन वर्षं बांधून असते. खड्डा पडला म्हणून लगेच बुजवता येत नाही. त्यातच आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांची सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती, जी मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये होती, ती २०२०-२१ साठी ८,००० वर आणली.

शाळांकडे पैसा नाही म्हटल्यावर आमच्याकडे कुठून येणार? एप्रिल ते ऑगस्ट तेवीसपैकी चार शाळांनी आमचं बिल दिलं. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. दोन मुलं कामाला होती, त्यांना अर्धा पगार दिला आणि उरलेला लिहून ठेवला.

आणि त्याच उन्हाळ्यात ते आले. शहरातली कंपनी, फी भरायचं अॅप, शाळेला फुकट. संस्थाचालकांना सांगितलं गेलं की वह्या लिहिणारी माणसं म्हणजे जुना खर्च, आणि जुना हिशेबनीस असला की आकडे लपतात. हे शेवटचं वाक्य मला तीन वेगवेगळ्या संस्थांमधून ऐकायला मिळालं, म्हणजे ते ठरवून बोललं जात होतं. पंधरा वर्षांत आमच्या एकाही शाळेचं ऑडिट आमच्या चुकीने अडलेलं नाही. तरी अकरा शाळा गेल्या. फोनसुद्धा नाही, व्हॉट्सअॅपवर दोन ओळी.

शाळेला फुकट होतं, कारण दर भरण्यामागे पालकाकडून वरचे पैसे कापले जात होते. ते एक वेळ सोडून देतो. पण त्या अॅपमध्ये अशी सोय होती की थकबाकी असलेल्या मुलाला ऑनलाइन तासाची लिंकच दिसायची नाही. आमच्याकडून गेलेल्या एका शाळेने ती चालू केली. एक मुलगी सातवीत, बाप हॉटेलात कामाला, हॉटेल बंद. त्या घराचं पान माझ्याकडे होतं. मागची चार वर्षं दर जानेवारीला त्याने पूर्ण फी भरली होती, चारही पावत्यांचे नंबर पानावर होते. अॅपला फक्त तारीख उलटलेली दिसत होती. मी मुख्याध्यापकांना फोन करून पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता सिस्टीम ठरवते. मुलगी त्या वर्षी गावी गेली ती परत आली नाही. मला याचा आजही राग आहे.

बाईंनी काय केलं ते जवळून पाहिलंय. जून २०२० मध्ये त्यांनी मला बोलावलं. रिकाम्या वर्गात आम्ही दोघं, मास्क लावून, मधे दोन बाकांचं अंतर. वही उघडून त्यांनी एकेका घराला फोन लावला. फी मागितली नाही. ‘काम चालू आहे का?’ एवढंच पहिलं वाक्य. मी पेन्सिलीने खुणा करत होतो: पगार चालू, पगार अर्धा, काम बंद. चार दिवस लागले. शेवटी बाई पगार चालू असलेल्यांना म्हणाल्या, तुम्ही पूर्ण भरा आणि वेळेवर भरा, त्यावर आमच्या शिक्षिकांची चूल आहे. अर्ध्यावाल्यांना महिन्याचे हप्ते. काम बंद असलेल्यांची फी त्या वर्षापुरती माफ, पण लेखी, समितीच्या ठरावासह. शिक्षिकांना साठ टक्के पगार, राहिलेला पुढे फेडायचा, तोही लेखी. पुढच्या वर्षी १२ ऑगस्टच्या शासन निर्णयाने पंधरा टक्के कपात सरसकट आली, ती बाईंनी पाळली. माझं मत मात्र स्पष्ट आहे: ज्याचा पगार एक दिवस थांबला नाही त्यालाही पंधरा, आणि ज्याच्या घरात रुपया नाही त्यालाही पंधराच, यात दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कोणी विचारलेलं नाही, तरी संस्थाचालकांना सांगतो. सवलत तोंडी देऊ नका. तोंडी सवलत पुढच्या वर्षी थकबाकी म्हणून वर येते आणि भांडण होतं. न येणारी थकबाकी ताळेबंदात येणे म्हणून वर्षानुवर्षं ओढू नका, ठराव करून निर्लेखित करा, म्हणजे हिशेबातून काढून टाका. एप्रिल-मेचा पगार जूनपासूनच वेगळ्या खात्यात टाकत चला. आणि फीसाठी दाखला अडवू नका. पालकांनो, अडचण आली की पहिल्या महिन्यात जाऊन भेटा, मार्चमध्ये नाही. आणि पावतीशिवाय रुपया देऊ नका, क्लार्क कितीही ओळखीचा असो.

ऑगस्टअखेर मी गाळा सोडायचं ठरवलं होतं. मालकाला तसं सांगितलंही होतं. त्याच आठवड्यात बाईंच्या शाळेचं पगारपत्रक तपासायला आलं. शिपायाच्या नावाखाली बाईंच्या अक्षरात आमच्या फर्मचं नाव, समोर साठ टक्क्यांनी काढलेली रक्कम. मी फोन केला, म्हटलं बाई, आमचं बिल असतं, पगार नसतो. त्या म्हणाल्या, ‘बिलं सध्या थांबवलीत, पगार चालू आहेत.’ पुढचे चौदा महिने आमचं नाव त्या पत्रकात होतं. गाळा राहिला. दोन्ही मुलांचा राहिलेला पगार २०२२ च्या दिवाळीला दिला, पाटल्या त्यानंतर सुटल्या.

गेलेल्या अकरापैकी सात शाळा परत आल्या, कारण अॅपचं फुकट दोन वर्षांनी संपलं आणि घरवार माहिती त्यांच्याकडे उरली नव्हती. आम्ही जुनाच दर लावला. उरलेल्या चार शाळांच्या २०१६ ते २०१९ च्या थकबाकीच्या वह्या पोटमाळ्यावरच्या लोखंडी कपाटात आहेत, दर पावसाळ्याआधी डांबराच्या गोळ्या बदलतो. ज्यांच्या आहेत त्यांनी कामाच्या वेळेत येऊन घेऊन जाव्यात. पोच म्हणून सही लागेल.