पाखराचा कागद

भाचीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि बेळगावच्या खडेबाजारातल्या उन्हातून घरी आलो. चहा ठेवला, कागद पंख्याखाली पसरले, तर तिन्ही प्रतींवरचं पाखरू एका डोक्याचं. शाई फिकी पडली होती. उजवी मान पार गायब.

कर्नाटकाचं चिन्ह हे. तांबड्या ढालीवर पांढरा गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचं पाखरू, आणि दोन्ही अंगांना सोंडेचे सिंह. म्हैसूरच्या वोडेयरांकडून आलेला हा पक्षी. आमच्या घरी मात्र त्याला कुणी गंडभेरुंड म्हटलं नाही. आज्जीला ना कानडी वाचता यायचं, ना मराठी. पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या कागदांचे दोनच ढीग : पाखराचे कागद आणि बिनपाखराचे. पाखराचे सरकारी, म्हणून जपायचे. बिनपाखराच्यात लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, माझं प्रगतिपुस्तकसुद्धा.

रॉकेलच्या रांगेत ती रेशनकार्ड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, पाखराची बाजू वर करून धरायची. डबा माझ्याकडे. दुकानदार मापातलं रॉकेल नरसाळ्यात ओतायचा, फेस बसायच्या आत माप उचलायचा, आणि आज्जी म्हणायची, "थांब की वो, खाली बसूदे." अशाच एका रांगेत मी विचारलं होतं, "आज्जी, ह्याला दोन डोकी कशाला?"

"एकानं द्यायचं, दुसऱ्यानं घ्यायचं. सरकार हाय न्हवं ते."

पुढं थोडं वाचलं, तर हे पाखरू भलतंच हिंडलेलं निघालं. तुर्कस्तानात अलाजा ह्योयुकला, प्राचीन हित्ती लोकांच्या दरवाजावर, ३००० वर्षांहून जुना, दोन डोक्यांचा गरुड आहे. त्याच्या पंजांत ससे. तक्षशिलेजवळ सिरकपच्या स्तूपावर एक बसलाय. बायझंटाईनवाल्यांचा रशियाच्या राजचिन्हात गेला, अल्बानियाच्या झेंड्यावर तर काळाकुट्ट फडफडतो. ह्या सगळ्यांची एकमेकांशी सोयरीक जुळवणारे जुळवोत. मला आवडतो तो विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या वराहावरचा. नाणं चिमुकलं, आणि त्यावरच्या पाखरानं चोचींत आणि पंजांत धरलेत हत्ती! सशांवर भागवायचं आपल्या रक्तात नाही.

गोष्टीतही तेच. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाचा राग आवरेना, म्हणून शंकर शरभ झाले, म्हणजे अर्धा सिंह, अर्धा पक्षी. शैव गोष्ट तिथंच संपवतात. वैष्णवांना ते कसं परवडणार? त्यांचा विष्णू मग गंडभेरुंड होऊन शरभाला भिडतो.

एक खोड सांगून टाकतो. "गंडभेरुंडाचा जुना खांब तुमच्या बेळगावातच ना?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. तो बळ्ळिगावीचा. शिकारीपूर तालुका, शिवमोग्गा जिल्हा, सन १०४७. धड माणसाचं, डोकी पाखराची दोन. नावात फरक दीड अक्षराचा असला तरी मी भर लग्नाच्या पंगतीतही हे सांगितलंय. बायको तेव्हा मांड्याचं ताट घेऊन दुसऱ्या ओळीत जाऊन बसली.

पंचतंत्रातला भारुंड तर तुम्हाला ठाऊकच आहे. पोट एक, तोंडं दोन. एका तोंडाला अमृतासारखं फळ मिळालं, त्यानं दुसऱ्याला दिलं नाही. दुसऱ्यानं रागानं विषाचं फळ खाल्लं. सीमाभागातला माणूस ही गोष्ट काढतोय म्हणजे आता कानडी-मराठीवर येणार, असं वाटलं असेल. येत नाही. चहा उतू गेला होता.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं प्रत उजेडात धरली.

"नाव दिसतंय न्हवं? आकडा दिसतोय?"

"दिसतोय. पण डोकं..."

"चालतंय की वो. पाखरू कोण बघतंय?"

मी तिन्ही कागद पिशवीत घातले. पाखराची बाजू वर करून.