तळ्याकाठी तीन दिवसांचं लग्न: जाऊन आल्यावर लिहिलेलं

धाकट्या बहिणीची अट एकच होती. लग्नात तिला प्रत्येकाशी बसून बोलता आलं पाहिजे. नवरा-नवरी दिवसभर उभी, माणसं रांगेने येतात, फोटो काढतात आणि निघतात, असं तिला नको होतं. म्हणून डोंगराच्या कुशीतलं तळ्याकाठचं एक लहानसं गाव, फक्त साठ माणसं आणि शुक्रवार दुपार ते रविवार दुपार असा मुक्काम ठरला. व्यवस्था मामा आणि मी बघत होतो. परवाच परतलो. असा बेत करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहितोय.

सगळ्यात आधी जागेबद्दल. आम्ही ती पहिल्यांदा पाहिली सकाळी अकरा वाजता आणि हरखून गेलो. तळं, पलीकडे डोंगर, पाण्यापर्यंत उतरत गेलेलं गवत. मामा मात्र म्हणाले, "लग्न संध्याकाळी आहे ना? मग संध्याकाळी येऊन बघू." लग्नाच्या तीन आठवडे आधी पुन्हा गेलो, आणि त्या फेरीने आमचं लग्न वाचवलं. मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ सहा वीस दिसत होती, पण पश्चिमेच्या डोंगराआड सूर्य पाच पस्तीसलाच गेला. मोबाईल किंवा पंचांग सांगतं ती वेळ मोकळ्या क्षितिजाची असते, मध्ये डोंगर आला की हिशेब बदलतो. आम्ही साडेपाचचे विधी चारवर आणले. सूर्य डोंगराआड गेल्यावर जो मऊ उजेड उरतो त्यात चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत, म्हणून घरच्यांचे एकत्र फोटो तेव्हा काढले. जागा ठरवताना लग्नाच्या वेळी आणि जमल्यास त्याच ऋतूत एकदा तिथे उभे राहाच.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट कळली. सात वाजता पाण्याजवळच्या दगडावर बसलो तर दगड ओला. संध्याकाळी थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगटात साचते, दवही तिथेच जास्त पडतं. पन्नास पावलं वर चढून गेलो तर तिथे हवा चक्क उबदार होती. मांडव तिथेच घातला. मंडळींनाही आधीच कळवलं की एक गरम कपडा सोबत हवाच. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे खालून निघताना घातलेले कपडे वर पुरत नाहीत. मांडवासाठी आधी हेरलेल्या मोठ्या झाडावर मधमाश्यांचं पोळं होतं, तेही याच फेरीत दिसलं. खाली धूर किंवा गोंगाट झाला तर माश्या उठतात. झाडाखाली काहीही मांडायचं असेल तर आधी मान वर करून फांद्या नीट बघा.

आता प्रवास. इथे आमची चूक झाली आणि ती ज्येष्ठांना भोवली. आम्ही एक मोठी बस ठरवली होती. गावाच्या चार किलोमीटर अलीकडे एक वळण आहे, चढावरचं आणि आखूड. बस तिथे दोनदा मागेपुढे झाली आणि शेवटी ड्रायव्हरने हात टेकले. गावातल्या दोन जीपगाड्यांनी मंडळींना खेपा करून वर आणलं, त्यात दीड तास गेला. आत्याचे गुडघे दुखतात, तिला रस्त्याकडेला दगडावर बसवून ठेवावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. रस्ता कारने बघून उपयोग नाही. जी गाडी न्यायची त्याच मापाच्या गाडीच्या ड्रायव्हरला दाखवा, नाहीतर सरळ लहान गाड्या करा. घाटात मळमळणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि शेवटच्या टप्प्यात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करायला सांगा. आम्ही वळणावळणाच्या खुणा लिहून एक कागदही दिला होता, पूल, शाळा, मग डावीकडचा कच्चा रस्ता असा. ज्येष्ठांनी तोच वापरला.

शुक्रवारची संध्याकाळ आम्ही मुद्दाम मोकळी सोडली होती. कार्यक्रम नाही, माईक नाही, कुणाला अमुक वाजता तयार व्हायचं नाही. मी आधी याच्या विरुद्ध होतो. माणसं कंटाळतील, काहीतरी ठेवूया, असं मी दहा वेळा म्हटलं असेन. बहिणीने ऐकलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं. उशिरा पोचून वैतागलेली माणसं गवतावर सतरंज्या टाकून बसली आणि तासाभरात दोन्हीकडची घरं एकमेकांत मिसळून गेली. कोण कुणाचा मामा आणि कोण कुणाची काकू हे मुलांनीच फिरून फिरून सगळ्यांना सांगितलं. शनिवारी पहाटे मी पाणी बघायला बाहेर आलो तर तळ्यावर धुकं होतं आणि घाटाच्या पायरीवर आमची आजी आणि नवऱ्या मुलाचे आजोबा एकाच घोंगडीत पाय गुंडाळून बसले होते. दोघांनाही कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलत होते. आजी त्यांना माझ्या वडिलांच्या लहानपणचा एक किस्सा सांगत होती. मी तो कधीच ऐकला नव्हता. मी मागेच थांबलो, गोष्ट संपेपर्यंत.

म्हणून वेळापत्रकाबद्दल माझं ठाम मत असं झालंय की दिवसाला एकच ठरलेली गोष्ट ठेवा, फार तर दोन. शनिवारी विधी आणि रात्रीचं एकत्र जेवण, बस्स. सकाळी ज्यांना डोंगर चढायचा होता ते चढले, बाकीचे झोपले. पाण्याजवळ पोरांवर लक्ष ठेवायच्या पाळ्या मात्र मोठ्यांमध्ये नावानिशी वाटून घ्या. सगळ्यांचंच लक्ष आहे म्हणताना कुणाचंच नसतं.

विजेचा हिशेब मामांनी वहीत मांडला होता. जनरेटर दहा केव्हीएचा (त्याची क्षमता या एककात लिहितात) असला तरी प्रत्यक्ष साधारण आठ किलोवॅटच धरायचे. दिवे एलईडी असले तर फार खात नाहीत, गीझर खातात, एकेक दोन-तीन किलोवॅटचा. शनिवारी दुपारी सगळे एकदम आंघोळीला गेले आणि लाईट गेली, तेव्हा हा हिशेब सगळ्यांना पटला. मग आंघोळीचे गट पाडले. जनरेटर राहत्या खोल्यांपासून लांब आणि उघड्यावर ठेवा, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड बंद जागेत जीव घेतो. लांब ठेवला की वायर जाड लागते, नाहीतर टोकाला दिवे मंद होतात.

आवाजाचं आम्हाला माहीत नव्हतं. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता पाण्यावरून लांबवर पोचतो. नऊच्या सुमारास पलीकडच्या काठावरचे एक काका होडीने आले आणि शांतपणे म्हणाले, घरात तान्हं बाळ आहे. आम्ही स्पीकर लगेच बंद केला आणि त्यांना जेवायलाच बसवून घेतलं. त्यानंतर माईकशिवाय जी गाणी झाली ती मला जास्त आवडली. तारीख पौर्णिमेनंतर काही दिवसांची धरली होती. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे जेवणं होईपर्यंत आकाशभर तारे दिसले आणि मग पूर्वेच्या डोंगरावर चंद्र आला. मांडवातले दिवे आम्ही मालवून टाकले.

दवाखान्याची चौकशी जाण्याआधीच करा. आम्ही सर्पदंशावरचं औषध, म्हणजे प्रतिविष, कुठल्या दवाखान्यात ठेवलेलं असतं हे विचारून, नंबर लिहून प्रत्येक खोलीत चिकटवला होता. साप चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय स्थिर ठेवून तडक न्यायचं. एक गाडी आणि जागा राहणारा ड्रायव्हर रात्रभर तयार ठेवला. गरज पडली नाही, पण आई त्यामुळे निर्धास्त झोपली. अंधारात बूट आणि टॉर्चशिवाय कुणीही बाहेर पडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

रविवारी निघताना कचऱ्याची पोती गाडीत घातली, कारण गावात ती टाकायला जागा नव्हती. हे आधी विचारलं असतं तर एक टेम्पो जास्तीचा ठरवला असता. बहीण शेवटच्या जीपमध्ये बसली. साठांपैकी किती जणांशी बोलणं झालं, असं मी विचारलं. ती बोटं मोजत बसली आणि पहिल्या वळणावर म्हणाली, "दादा, दोघं राहिले." त्या दोघांना पुढच्या शनिवारी तिच्या घरी बोलावलंय.