आधी पान उलटं करून पाहा, मग विचारा

काल रात्री साडेनऊला आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पोरानं फोटो टाकला, टॉर्चच्या उजेडात एक लाल पान, अन् खाली फक्त "काय मारू?" बस. दहा मिनिटात सात औषधं आली, सातही वेगवेगळी, अन् पोरगा सकाळीच कृषी केंद्रातून त्यातलं सगळ्यात महाग घेऊन आला.

मले लय वाईट वाटलं. लाल पान म्हणजे एकच भानगड नसते ना भाऊ. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी लाल होतात अन् शिरा हिरव्याच राहतात. तुडतुडे असले तर कडा पिवळ्या पडून मग लाल होतात, पान मुरडते, अन् उलटं केलं की मागं हिरवट बारके किडे तिरपे पळताना दिसतात. आपण दोन्हीले लाल्याच म्हणतो, पण एकाले मॅग्नेशियम सल्फेट लागते अन् दुसऱ्याले कीटकनाशक, तेही पानामागं 2-3 तुडतुडे दिसले तरच. हे पाहाले वावरात पाच मिनिटं लागतात.

दुसरा रोजचा प्रश्न, "फवारणीच्या पंपाले औषध किती टाकू?" अरे, डब्यासंगं घडी केलेला कागद येते, त्यात पीक, कीड, प्रमाण सगळं असते. डब्यावरचा त्रिकोण पाहा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, आपल्याच इकडची, म्हणून प्रमाण असं कोणाच्याही अंदाजावर घेऊ नका, हात जोडून सांगतो.

ग्रुपात एक काका आहेत, तीस वर्षं पऱ्हाटी करून राहिले. ते आता बोलतच नाहीत. मी फोन केला तं म्हणे, "बापू, तेच ते किती वेळा लिहू? वर सर्च केलं तं माझंच उत्तर सापडते."

खरंच सापडते, मी पाह्यलं. लागवड कधीची, जमीन भारी का हलकी, मागची फवारणी कशाची, पानाचा दिवसाउजेडी दोन्हीकडून फोटो, अन् "मले असं वाटते, बरोबर आहे का?" एवढं लिहिलं तं काकाही बोलतील. कोणाचाच पत्ता लागला नाही तं किसान कॉल सेंटर आहे, 1800-180-1551, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अन् ज्याले वाचता येत नाही त्यानं बिनधास्त व्हॉइस टाकावा, कागदाचा फोटो टाकावा. तो मी स्वतः वाचून सांगीन, रात्रीचे अकरा वाजले तरी.